एक नग कमी

सदाशिव येलवे, म्हणजे आमचे सदूकाका, कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी न मोजता एकाही कागदावर सही केली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेल्या माणसाला कौतुक सुचायला जरा वेळ लागतो.

कंपनी पाण्याच्या पंपांची, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तळवलीच्या अलीकडे. पंपाला लागणारं सगळं, बेअरिंगपासून वायसरपर्यंत, आधी आमच्या स्टोअरमध्ये येतं आणि मग आत जातं. स्टोअरच्या दाराशी एक लाकडी स्टूल, त्यावर सदूकाका, कमरेला आठ किल्ल्यांचा जुडगा, खिशात कटर आणि लाल पेन. सील तुटलेला माल ते गेटवरूनच परत पाठवायचे. बाकीचा मोजायचे. कमी भरला तर भांडायचे नाहीत, मालाबरोबर आलेल्या चलनाच्या कागदावर लाल शाईनं फक्त ‘एक नग कमी’ असं लिहायचे. भांडण दुसऱ्या दिवशी विसरतं, लाल शाई विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा दोनशे बेअरिंगांत एक कमी निघालं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, दोनशेत एक, जाने दो ना." काकांनी ट्रक चार तास उन्हात उभा केला. माल पाठवणारा मालक स्वतः तुर्भ्याहून धावत आला. शेवटी बेअरिंग ड्रायव्हरच्या सीटमागे सापडलं, त्याच्या डब्याला टेकण म्हणून लावलेलं. मालकानं हात जोडले. काका म्हणाले, "आता एकशे नव्यान्नव नाय, दोनशे झाले. द्या चलन."

मी नाझिया. त्यांची सहायक. करंजाड्याहून रोज येते. आठ वर्षांत माझ्या हाताखालून किती नट-बोल्ट गेले, ते त्या सदूकाकांनाच ठाऊक. काका निवृत्त होणार म्हटल्यावर ती जागा आपल्याला मिळावी, असं मला वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, मला ती हवीच होती. अम्मीनं तर बिल्डिंगमध्ये आधीच सांगून टाकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या विमलबाई मला जिन्यात "काय स्टोअरकीपर?" म्हणून हाक मारायला लागल्या होत्या.

पण मध्ये होते अभिराम सर. आमचे नवे मॅनेजर, वय छत्तीस, दर दुसऱ्या वाक्यात ‘लीन’ हा शब्द. लीन म्हणजे बारीक, कमीत कमी गोष्टींत काम भागवणं, असं मी घरी समजावून सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, "म्हणजे तो पोरगा जेवत नसेल गं." तर या अभिराम सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "येलवेंनी शनिवारी तुमच्या नावानं ताबा दिला, सही केली, की तुम्ही स्टोअरकीपर. नाही केली तर सोमवारी ऐरोलीच्या हेड ऑफिसमधून माणूस येईल. तो तयारच बसलाय."

म्हणजे सगळं एका सहीवर आलं होतं. आणि सही करणारा माणूस सदूकाका.

निरोपाची भेट म्हणून मोबाइल द्यायचा, हे अकाउंट्सच्या सुचितानं ठरवलं. काकांकडे बटणांचा फोन होता, त्याचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. लेक नांदेडला, तिचं बाळ सात महिन्यांचं, आणि काकांनी त्याचं तोंड फक्त फोटोत पाहिलेलं. मोठ्या पडद्याचा फोन दिला की आजोबा-नातू समोरासमोर. कल्पना चांगलीच होती. आणायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नाझियाला माल बघून घ्यायची सवय आहे म्हणे.

घणसोलीच्या एका दुकानात गेले. दुकानदार पोपटासारखा बोलत होता. मी त्याला म्हटलं, "मराठी करून द्या, अक्षरं मोठी करा आणि घंटी जोरात ठेवा, काकांना कमी ऐकू येतं." त्यानं माझ्यासमोर बॉक्सचं सील कापलं. अक्षरं मोठी केली, मी म्हटलं, अजून मोठी. शेवटी ‘संपर्क’ हा शब्द अख्खा पडदाभर पसरला, तेव्हा माझं समाधान झालं. मग त्यानं बिल पुढे केलं आणि म्हणाला, "मॅडम, इथे एक सही."

सहीच्या वर छापलं होतं: ‘माल तपासून पूर्ण मिळाला.’

मी सही केली. बॉक्स हातात घेतला तेव्हा तो वहीएवढाच जाड वाटला खरा. पण मला वाटलं, हल्ली सगळंच लीन झालंय. माझा स्वतःचा फोन सहा वर्षांपूर्वीचा, भावानं वापरून दिलेला. नवा फोन विकत घेण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ, तीही दुसऱ्यासाठी. खोक्याला सोनेरी कागद लावला, वर रिबन बांधली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

शनिवारी तीन वाजता कँटीनमध्ये समारंभ झाला. दीडशे माणसं, सामोसे आणि पडद्यावर गुलाबाचं चित्र. पहिल्या रांगेत काकांची बायको, रखमाकाकू, निळ्या साडीत अवघडून बसलेल्या. अभिराम सरांनी भाषण केलं. "येलवे म्हणजे आपल्या कंपनीचा कणा," असं ते म्हणाले. मागच्याच महिन्यात त्यांनी ऐरोलीला पाठवलेल्या मेलमध्ये याच कण्याला ‘गेटवरचा अडथळा’ म्हटलं होतं. सुचितानं मला तो दाखवला होता. पण निरोप समारंभात अडथळ्याचा कणा होतोच, ती रीतच आहे.

शाल झाली, श्रीफळ झालं, मग मी सोनेरी खोकं काकांच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. आता आपल्यात भेट स्टेजवर उघडायची पद्धत नाही. माणूस ती काखेत मारतो, नमस्कार करतो, घरी जातो. काकांनी खिशातून कटर काढला.

रिबन कापली. कागद फाडला नाही, घडी करून ठेवला. मग खोकं उलटंसुलटं करून त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सील तुटलंय," ते म्हणाले.

माईक तोंडासमोरच होता. दीडशे माणसांना ते नीट ऐकू गेलं.

"काका, मीच तोडायला सांगितलं," मी खालून म्हटलं. "अक्षरं मोठी करायची होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झाकण काढलं आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला लागले. "फोन एक. वायर एक. ही टाचणीसारखी कायतरी, एक. कागद तीन." मग खोकं उलटं करून त्यांनी बुडावर दोनदा थाप मारली, आम्ही वायसरचं पोतं झटकतो तशी. काही पडलं नाही.

"चार्जर नाय," काका म्हणाले. "एक नग कमी."

आधी सगळे हसले. मग लक्षात आलं की काका हसत नाहीयेत. मोजणीच्या बाबतीत त्यांनी थट्टा केलेली कुणी पाहिली नव्हती. हळूहळू हसू थांबलं आणि एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. सील तोडलेलं, माल मी आणलेला, आणि एक नग कमी. आठ वर्षं मी ज्या ड्रायव्हरांकडे संशयानं पाहिलं, त्या सगळ्यांची आठवण मला त्या क्षणी आली.

अभिराम सर पुढे आले. त्यांना मजा वाटत होती. "येलवे काका, अहो, आता फोनबरोबर चार्जर येतच नाही. कंपन्यांनी बंद केलंय. पर्यावरणासाठी."

"म्हंजे पर्यावरणानं नेला?"

"तसं नाही. चार्जरचा कचरा फार होतो. आणि चार्जर प्रत्येकाच्या घरी आधीपासून असतोच. मग परत कशाला द्यायचा?"

"प्रत्येकाच्या घरी हाय, हे मोजलं कुनी?"

काकांनी खिशातून बटणांचा फोन काढून टेबलावर ठेवला. "माझ्या घरी ह्याचा हाय. बारीक गोल पिनचा. तो ह्यात घालू?" मग त्यांनी नवी वायर उचलून तिची दोन्ही टोकं पाहिली. "ही दोन्ही बाजूनी सारखीच. एक बाजू फोनात गेली. दुसरी कुठं घालू, कानात?"

कँटीन हसून कोसळलं. अभिराम सरही हसले. "चार्जर वेगळा विकत मिळतो ना, काका."

"मग विकत घेतलेल्याचा कचरा नाय होत?"

सर म्हणाले, "खरं सांगू, मला ही कल्पना फार ग्रेट वाटते. लोकांकडे जे आधीच आहे, ते परत द्यायचं नाही. किती लीन!" आणि त्यांनी आपल्या मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. माझ्या शेजारी सुचिता पुटपुटली, "मला माहीत होतं चार्जर येत नाही ते. पण मला कुणी विचारलंच नाही." मला तिला तिथल्या तिथे चिमटा काढावासा वाटला.

मला वाटलं, सुटले. चोरीचा आळ गेला. पण काकांनी हात पुढे केला. "नाझिया, बिल आन."

बिल माझ्या पर्समध्ये होतं. मी स्टेजवर जाऊन दिलं. काकांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं. या वेळी त्यांनी माईक बाजूला केला, एवढी माया दाखवली.

"ही सही तुजी?"

"हो."

"वर काय लिव्हलंय?"

"माल तपासून पूर्ण मिळाला."

"तपासलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"कंपनीनं चोरलं नाय, ते खोक्यावर बारीक अक्षरात छापून मोकळे झाले," काका म्हणाले. "दुकानदारानं चोरलं नाय. तूबी चोरलं नायस, ते मला म्हाईत हाय, बाय. सगळे सच्चे. मग सही खोटी कशी झाली?"

वरच्या खिशात त्यांनी माझ्या ताब्याचा कागद घडी करून ठेवला होता. सकाळीच दाखवला होता मला, चहानंतर सही करणार म्हणून. तो त्यांनी काढला, पाहिला आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवला. सही नाही. शालीसकट ते खाली उतरले आणि रखमाकाकूंच्या शेजारी जाऊन सामोसा खायला लागले.

मी स्टोअरमध्ये जाऊन बसले. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. त्या फोन कंपनीवर आला, जिला पर्यावरणाची काळजी नेमकी आमच्याच खोक्यात सुचली. काकांवर आला. आठ वर्षं, सर्दी-ताप न बघता, रमजानचे रोजे धरून पोती मोजली मी, आणि एका सहीवरून हे? पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला, कारण म्हातारा खरं बोलला होता. मी मोजलं नव्हतं. दुसऱ्याचा माल असता तर मोजला असता. आपण आणतोय म्हणजे पूर्णच असणार, असं मी धरून चालले होते. रडू आलं, ते मी रॅक नंबर सहाच्या मागे उरकून घेतलं.

रखमाकाकू बशी घेऊन आत आल्या. "खा," म्हणाल्या. "त्येंचं मनाला लावून घेऊ नको. आमच्या लग्नात त्येनी पंगत बसायच्या आधी आचाऱ्याकडचे लाडू मोजलेले."

"मग?"

"अकरा कमी निघाले."

"अल्ला. मग?"

"मग काय, आचारी माझा मामा." काकूंनी सामोशाचा एक तुकडा स्वतःच तोडून खाल्ला. "मामा तीन वर्सं बोलला नाय आमच्याशी. चवथ्या वर्सी त्येच्या पोरीचं लगीन निघालं, तवा भांडारावर कुनाला बसवलं म्हाईत हाय? ह्येनाच."

मला हसू आलं, पण त्यानं सही काही मिळत नव्हती. काकू गेल्या आणि पाचच मिनिटांत अभिराम सर आले. हातात फाइल, फाइलवर पेन.

"नाझिया, मनाला लावून घेऊ नका," तेही म्हणाले. त्या दिवशी सगळ्यांना माझ्या मनाची काळजी होती. "म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. आज साडेपाचनंतर ते कंपनीचे कुणी नाहीत. मी नवी ताबा-यादी केली आहे, लीन व्हर्जन. येलवेंच्या सहीचा कॉलमच काढून टाकलाय. तुम्ही सही करा, मी आत्ता ऐरोलीला पाठवतो. तुम्ही स्टोअरकीपर."

खोटं कशाला बोलू? मी पेन हातात घेतलं. अम्मीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, विमलबाईंची हाक कानात आली. काकांची सही नको, काका नकोत, एक रेघ ओढायची आणि झालं. कागदाच्या खाली छापलं होतं: ‘वरील सर्व तपासून पूर्ण मिळाले.’

तेच ते वाक्य. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

मी पेन खाली ठेवलं आणि यादी वरून वाचायला लागले. रॅक चौदा. वजनकाटा एक. शिडी एक. कटर चार. पंखे दोन. संगणक एक. किल्ल्या आठ. स्टोअरकीपर एक. संपलं. काहीतरी खटकत होतं. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं काकांनी दर वर्षीची यादी चिकटवलेली असते. ती उघडून मी बोट लावून दोन्ही याद्यांची एकेक ओळ जुळवली. शेवटी काकांच्या यादीत दोन ओळी होत्या. स्टोअरकीपर एक. सहायक एक.

"सर, सहायक?"

"तोच तर पॉइंट आहे!" अभिराम सर उत्साहानं पुढे झाले. "मला आज कँटीनमध्येच सुचलं. तुम्ही आठ वर्षं सहायक होता. ते काम तुम्हाला येतंच. म्हणजे सहायक तुमच्याकडे आधीपासून आहे. मग परत वेगळा कशाला द्यायचा?"

ते माझाच चार्जर नसलेला फोन करायला निघाले होते.

"आणि लागलाच कधी तर?" मी विचारलं.

"तर बघू. वेगळा."

मी पर्समधून पेन काढलं. लाल नव्हतं, निळं होतं, पण अक्षर ठसठशीत काढलं. ‘सहायक, एक नग कमी. पूर्तता व्हावी.’ आणि त्याखाली: ‘बाकी माल मोजून झाल्यावर सही करीन. तीन दिवस लागतील.’

अभिराम सरांचा चेहरा पडला. "अहो, सोमवारी ऐरोलीचा माणूस..."

"येऊ दे ना. त्यालाही मोजावंच लागेल. मग माझ्याबरोबर मोजेल." हे मी म्हटलं खरं, पण जागा गेली असं मी मनातल्या मनात धरूनच टाकलं. सरांनी कागद रागानं फाइलमध्ये टाकला. "ठीक आहे. तुमच्या शेऱ्यासकटच पाठवतो. बुधवारपर्यंत मोजा, आणि मग ऐरोलीवाले काय म्हणतात ते तुमचं तुम्ही बघा."

ते वळले, तर दारात सदूकाका उभे. शाल खांद्यावर, नारळ हातात. किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"खालच्या रॅकपासून सुरू कर," ते म्हणाले. "वरनं केलंस तर धूळ खालच्या मालावर पडते. मी सोमवारी येतो."

आणि गेले.

सोमवारी ते खरंच आले. पगार नाही, हजेरी नाही, तरी साडेआठला स्टुलावर. शनिवारी काकांनी टेबलावरच सोडलेला फोन वायरीसकट घेऊन मी सकाळी घणसोलीला उतरले आणि चार्जर विकत घेतला होता. दुकानातच खोकं उघडलं, चार्जर काढला, वायर लावली, फोन लावला, पडद्यावर बॅटरीचं चित्र आलेलं बघितलं, तेव्हा कुठे बिलावर सही केली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही परवा तर अशा नव्हता." काकांनी पुन्हा सगळं कटरनं उघडून तपासलं. मग जुनं बिल काढलं, त्यावर लाल पेननं ‘पूर्तता झाली’ लिहिलं, तारीख टाकली आणि मला परत दिलं. फोन स्टुलाशेजारच्या प्लगला लावला. दुपारी नांदेडहून व्हिडिओ कॉल आला. पडदाभर नातवाचा एक गाल दिसत होता. काका त्याला म्हणाले, "दात किती? दाखव. दोन? मोजून सांगतो थांब."

मंगळवारी अभिराम सर स्टोअरमध्ये आले ते कागद फडकवतच. ऐरोलीहून यादी परत आली होती. माझ्या शेऱ्याखाली मोठ्या साहेबांचा शिक्का आणि सही: ‘मंजूर. त्वरित पूर्तता करावी.’

"त्यांनी हे वाचलंच नाही!" सर जवळजवळ ओरडले. "नेहमीचं असेल समजून सही ठोकली!"

"पण सही त्यांचीच आहे ना, सर?"

त्यांनी ऐरोलीला फोन लावला. आमच्यासमोरच लावला, ही त्यांची चूक. पलीकडून कुणीतरी बराच वेळ समजावत होतं. आम्हाला एवढंच कळलं की शेरा रद्द करायचा तर साहेबांनी न वाचता सही केली असं लेखी द्यावं लागेल, आणि ते द्यायला तिथे कुणी तयार नव्हतं. मग म्हणे, सहायकाची जाहिरात काढा. सर फोन ठेवून निघाले. ऐरोलीच्या माणसाचं पुन्हा नाव निघालं नाही.

काका स्टुलावरून म्हणाले, "मोठ्या साहेबानं मोजलं नाय, ते आपल्या फायद्याचं झालं. दर वेळी होत नाय. तू पुढं मोज."

बुधवारी चार वाजता शेवटचं पोतं संपलं. अकरा हजार सहाशे चाळीस नग. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एका माणसानं एकतीस वर्षं सांभाळलेलं स्टोअर इतकं चोख निघालं की मला भरून आलं, आणि मी ते काकांना सांगितलंही. ते म्हणाले, "रडू नको, कागद भिजंल."

सुचिता फोटो काढायला आली, अभिराम सर नाइलाजानं आले, रखमाकाकूही पुन्हा त्याच निळ्या साडीत आल्या. काकांनी वरच्या खिशातून तो शनिवारचा कागद काढला, उलगडला आणि एकदाची सही केली. मोठी, वळणदार, ‘सदाशिव येलवे’. मग कमरेचा जुडगा सोडून माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता तो. सुचिता म्हणाली, "नाझिया, इकडे बघ, हस." सर म्हणाले, "चला, आता तुमची सही. झालं."

मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. पेन घेतलं. कागदावर टेकवलं. मग उचललं.

जुडगा टेबलावर ठेवला आणि एकेक किल्ली सरकवत मोजली. परत मोजली.

"काका," मी म्हटलं, "सात आहेत. एक कमी."

सरांनी कपाळावर हात मारला. काकांनी शर्टाच्या खिशात बोटं घातली, आठवी किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली आणि रखमाकाकूंना म्हणाले, "चल, आता घरी जाऊ."